ताईचा हातमोजा

दाताच्या डॉक्टरांकडे ताटकळत बसलेल्यांमध्ये मोजेकाका पहिल्यांदा लक्षात आले, ते हातातल्या सुयांमुळे. माणूस दारात मावणार नाही असा आडवा, बोटं पान्यासारखी जाड, अंगात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा निळा डगला, आणि मांडीवर तान्ह्या बाळाचा पिवळा मोजा. आतून कुणाची तरी किंकाळी आली. बसलेल्यांचे चेहरे उतरले. काकांनी मात्र ओठ हलवत हातातली ओळ पुरी केली आणि मगच मान वर करून शेजारच्या बाईंना म्हणाले, "ओरडतोय म्हणजे जिवंत आहे."

त्यांना विणायला शिकवलं त्यांच्या ताईने. आई गेल्यावर तीच आई झालेली. ताईच्या नाकावर राग असे, पण शिकवताना ती कधी ओरडली नाही. चुकलेली ओळ मुकाट्याने उसवून सुया पुन्हा भावाच्या हातात देई. पुढे काकांना लिफ्टचं काम लागलं. सुटा भाग येईपर्यंत गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत नुसतं बसून राहावं लागे. बाकीचे मिस्त्री पत्ते कुटत, काका मोजे विणत. चिडवून चिडवून मिस्त्रीच थकले, आणि घरी पाळणा हलला की गुपचूप काकांकडे येऊ लागले.

मुलाने एका सुट्टीत त्यांना इंटरनेटवर साइट काढून दिली. कल्पना साधी: कुणीही स्वतःचा विणकामाचा नमुना तिथे चढवावा, कुणीही तो तिथून घ्यावा. काकांनी त्यात आपली एक सवय घातली. आलेला प्रत्येक नमुना ते स्वतः विणून बघत. टाक्यांची घरं कमीजास्त झाली असतील तर दुरुस्त करत आणि खाली लिहीत, "विणून पाहिलं. बसतं." या शब्दांवर लोकांचा भारी भरवसा.

सून एका वकिलांच्या कार्यालयात कामाला होती. तिला ही सवय मुळीच पसंत नव्हती.

"बाबा, तुम्ही फक्त जागा देणारे आहात. भिंत तुमची, चित्रं लोकांची. एखाद्याने चोरीचं चित्र लावलं, तर कायदा तुम्हाला धरत नाही. पण कधी? तुम्हाला ते ठाऊक नसेल तेव्हा, आणि तक्रार आल्याबरोबर तुम्ही ते उतरवलंत तर. तुम्ही प्रत्येक चित्रावरून कुंचला फिरवायला लागलात, तर उद्या म्हणतील, यांना सगळं ठाऊक होतं."

"अगं, पण चुकीचा नमुना लोकांच्या गळ्यात कसा मारू?"

"मारा खुशाल. त्याला शिक्षा नाही."

काका हसले आणि विणत राहिले. तक्रारीचा नियम मात्र त्यांनी पाळला. एका नर्सबाईंनी चढवलेल्या टोपीच्या नमुन्यावर चोरीची तक्रार आली, तेव्हा त्यांनी ती लगेच उतरवली. नर्सबाईंनी फोनवर रडत विचारलं, "काका, तुम्हाला तरी वाटतं का हो, मी चोरेन असं?"

"वाटण्याचा प्रश्न नाही, बाई. नियम आहे. तुमचं म्हणणं सहीनिशी लिहून पाठवा, मी तक्रार करणाऱ्यांकडे धाडतो. ते मुदतीत कोर्टात गेले नाहीत, तर टोपी परत लावतो."

नर्सबाईंनी काही लिहिलं नाही. टोपी गेली ती गेलीच, आणि नर्सबाईही पुन्हा साइटवर फिरकल्या नाहीत. काकांना वाईट वाटलं, पण झोप नीट लागली.

मग तक्रार आली ती ताईच्या हातमोज्यावर.

या हातमोज्याचा अंगठा बाजूने न निघता तळव्यातून निघे, त्यामुळे मूठ आवळली तरी ओढ बसत नसे. साइटवरचा सगळ्यांचा लाडका नमुना तो. विणकामाची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनाचं पत्र आलं: हा नमुना आमच्या पुस्तकातला आहे, खाली उतरवा. सोबत पुस्तकातलं पान जोडलेलं.

काकांनी पान उघडलंसुद्धा नाही. त्यांचे कान लाल झाले. हा हातमोजा त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच स्वयंपाकघरात तयार झाला होता. ताईने तो दोनदा उसवला होता आणि तिसऱ्यांदा समाधानाने स्वतःच्या हातात घालून बघितला होता. त्यांनी बसल्या बैठकीला उत्तर लिहिलं: "हा नमुना माझ्या सख्ख्या बहिणीचा आहे. टाका न् टाका मी पाहिला आहे आणि स्वतः विणून तपासला आहे. उतरवणार नाही."

पुढचं पत्र वकिलाचं आलं. त्यात काकांची वाक्यं जशीच्या तशी दिली होती आणि खाली लिहिलं होतं: आपण नमुना तपासल्याचं कबूल करता आणि तक्रार मिळूनही तो उतरवत नाही. तेव्हा आपल्यालाही जबाबदार धरू आणि साइट बंद करण्याची मागणी करू.

सुनेने डोक्याला हात लावला. "बाबा, पायावर धोंडा मारून घ्यायचाच होता, तर निदान हलका तरी बघायचा!"

"अगं, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग साक्षीदार व्हा. कोर्टाने बोलावलं तर जा. पण साइटवाल्याने खरंखोटं ठरवायचं नसतं, म्हणून तर कायद्याने त्याला मोकळं ठेवलंय. आणि नर्सबाईंची टोपी काढलीत, तेव्हा त्यांच्या शेजारी बसून बघणारं कुणी नसेल असं वाटलं होतं का तुम्हाला?"

काकांना ती टोपी आठवली. नर्सबाईंच्याही घरात कुणीतरी असेल, टोपी वाढताना पाहणारं. साइटवर केवढ्या लोकांची मेहनत होती. एका हातमोज्यासाठी ती सगळी पणाला लावायची? त्या दुपारी त्यांनी ताईचा नमुना उतरवला, पायांत चपला सरकवल्या आणि तिला सांगायला निघाले.

ताई खिडकीशी लोकरीचा गुंडा करत बसली होती. सगळं ऐकूनही तिचे हात थांबले नाहीत.

"काढलास?"

"काढला."

"माझा?"

"ताई, नियम सगळ्यांना सारखा..."

"चड्डीची नाडी बांधता येत नव्हती, तेव्हापासून ओळखते मी तुला. मला नियम शिकवतोस?"

"तू लिहून दे ना. नाव, पत्ता, सही. नमुना माझा आहे आणि वेळ पडली तर कोर्टात यायला तयार आहे, एवढंच."

"पत्ता? माझा पत्ता तुला ठाऊक नाही?"

"मला आहे गं. त्यांना हवाय."

"सख्ख्या भावाने शब्द दिला, तो पुरत नाही त्यांना?"

"त्या शब्दानेच तर घोळ झालाय."

ताईला हसू आलं असावं, कारण तिने घाईने तोंड वळवलं. काकांनी पुस्तकातलं पान टेबलावर ठेवलं. ताईने चष्मा लावला. पान वाचलं, पुन्हा वाचलं.

"तू वाचलंस हे?"

"नाही."

"वाच. अंगठा तोच आहे."

काकांनी वाचलं. अंगठा तळव्यातूनच निघत होता, घरंही तेवढीच. "ताई, म्हणजे तू..."

"मी नाही काही केलं. वसतिगृहात शेजारच्या खाटेवरच्या मुलीने दाखवला होता मला हा अंगठा. तिला तिच्या आत्याने. या पुस्तकवाल्यांना कुणी दाखवला, कुणास ठाऊक. तू टाके पाहिलेस रे ढब्ब्या, ते माझ्या हातात कुठून आले ते कुठे पाहिलंस?"

काका ओशाळले. छातीठोकपणे लिहिलेलं ते उत्तर खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. नर्सबाईंच्या वेळी 'वाटण्याचा प्रश्न नाही' हे त्यांनी किती सहज म्हटलं होतं. ते किती खरं आहे, ते आता कळत होतं.

ताईने काकांच्या सुनेला फोन लावला. "अगं, अंगठा कुणाच्या मालकीचा असतो का?"

"विणायची रीत कुणाच्याच मालकीची नसते, आत्या. लिहिलेले शब्द आणि काढलेल्या आकृत्या असतात. त्या कुणाच्या?"

"त्या माझ्याच. या पुस्तकवाल्यांचं लिहिणं बघ की, औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं. माझं असं असेल का?"

मग ती लिहायला बसली. शेजारच्या खाटेवरच्या मुलीसकट सगळं लिहिलं, काही लपवलं नाही. सही करण्याआधी भावाला खोलीबाहेर पिटाळलं. "तू नको बघूस. उगाच पुन्हा साक्ष द्यायला धावशील."

काकांनी ते पत्र प्रकाशनाकडे धाडलं. पदरचा एक शब्दही घातला नाही, आणि तेच त्यांना फार जड गेलं. मुदत संपेपर्यंत कुणी कोर्टात गेलं नाही. हातमोजा परत साइटवर लागला. त्याच दिवशी काकांनी सगळ्या नमुन्यांखालून "विणून पाहिलं. बसतं." काढून टाकलं. नर्सबाईंनाही फोन केला, पण तो उचलला गेला नाही.

ताई त्यांच्याशी पूर्वीसारखीच बोलते, पूर्वीसारखीच रागावते. काका आता निवृत्त झाले आहेत आणि सकाळचा चहा झाला की साइट उघडून बसतात. ताईने नवं काही विणलं, तर ते त्यांना तिथे, इतर सगळ्यांबरोबरच दिसतं. ती त्यांना पूर्वीसारखं आधी दाखवत नाही.