तिसऱ्यांदा पेपर

आज दुपारी व्हिडिओ कॉलवर लेकीने बोलता बोलता खिडकी सताड उघडली. जर्मनीत सकाळ होती आणि बाहेर बर्फ पडलेला दिसत होता.

"अगं, गारठशील."

"बंद खोलीत डोकं चालत नाही, आई."

तासाभराने तिचा गणिताचा पेपर होता, तिसऱ्यांदा. तिथे तीनदाच बसता येतं. यातही नापास झाली, तर इंजिनिअरिंगची ही शाखा त्या देशात तिला कायमची बंद.

पहिल्यांदा ती नापास झाली तेव्हा मी पोळ्या लाटत म्हटलं होतं, "त्यात काय, परत बस." आमची अर्धी पिढी एटीकेटीवर इंजिनिअर झाली. परत बसता येतं, या भरवशावर आम्ही परीक्षाच काय, भांडणं मिटवणं आणि डॉक्टरकडे जाणंही पुढे ढकललं. मोजून तीनच संधी आहेत हे माहीत असतं, तर मी वेगळी वागले असते का? बहुधा नाही. नुसती जास्त घाबरले असते.

"आणि नाहीच जमलं तर?" मी विचारून बसले.

ती बूट चढवत होती. "तर दुसरं काहीतरी शिकेन. आणि निकालाला सहा आठवडे लागतात, रोज विचारू नकोस."

तिने फोन ठेवला. तिचं ठरलेलं होतं. सहा आठवडे मला काढायचे आहेत.