'द' लावण्याआधीची चौकशी

"कोणता?" असं विचारताना आमचे इंग्रजीचे सर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणत आणि समोरच्याने काहीतरी चोरून आणलंय असं बघत. संशयी मास्तर तुम्हीही पाहिले असतील. पण त्यांना संशय असतो कॉपीचा. आमच्या सरांना संशय होता इंग्रजीतल्या 'द'चा.

ओतूरजवळच्या आमच्या शाळेत मी इतिहास शिकवतो. त्यांच्या आणि माझ्या वर्गात फक्त पत्र्याचं पार्टिशन होतं, त्यामुळे माझं इंग्रजी पत्र्यातून आलेलं आहे. पलीकडे एखादी मुलगी वाचायची, "द डॉग इज बार्किंग." लगेच सरांचा प्रश्न यायचा, "कोणता?"

"आमचा, सर. गोठ्यातला."

"मी बघितलाय का त्याला? न्हाई. मग आधी 'अ' लाव. दोघांची वळख झाली की मग 'द'."

सूर्य-चंद्राला ते विनाचौकशी 'द' देत. जुन्नरला लावू देत नसत. गावाला नाव असताना वर आणखी ओळख कशाला, म्हणत. बाकी सगळ्यांची कसून तपासणी. एका पाहुण्या पुढाऱ्याच्या नावाआधी पत्रिकेत 'द लीडर' छापून आलं, तेव्हा त्यांनी ती पत्रिका माझ्यापुढे सरकवली आणि चष्मा खाली आणला.

सर मेंढपाळाच्या घरातले. वडिलांचा जन्म मेंढ्यांमागे गेला. भाऊ आता डिंभ्याला शेती करतो. हे आम्हाला कळलं ते बिबट्यामुळे.

त्या हिवाळ्यात शाळेमागच्या उसात बिबट्या आला. वासरं नेली, मोटारसायकलवरच्या एका दूधवाल्यावर झेप घेतली. दहावीचे जादा तास दिवस मावळेपर्यंत चालत आणि वस्तीवरची मुलं त्याच उसाकडेने घरी जात. सर त्यांच्यासोबत जाऊ लागले. हातात काठी, बॅटरी आणि गळ्यात बाहेर खिळे आलेला चामड्याचा पट्टा. बिबट्या मानच धरतो म्हणून आमच्याकडे खुरपणीच्या बायकाही असा पट्टा घालू लागल्या होत्या, त्यामुळे कोणी हसलं नाही.

मग पिंजरा लागला आणि बिबट्या अडकला. गुलाल उधळला. एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला. त्यावर इंग्रजीत 'द लेपर्ड इज कॉट' आणि खाली बिबट्याच्या तोंडापेक्षा मोठे चेहरे. शाळेच्या मैदानात सत्कार झाला. त्यात सरांचंही नाव होतं. ते व्यासपीठावर चढले ते पट्टा घालूनच. हार खिळ्यांत अडकला आणि सरपंचांना तो सोडवत बसावं लागलं.

"सर, आता तरी पट्टा काढा," सरपंच माइकवर म्हणाले. "बिबट्या गेला."

"कोणता?"

मैदान हसलं. खाली उतरल्यावर मी म्हटलं, अहो, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलाय.

"एक पकडलेला पाहिला," सर म्हणाले. "वासरं नेणारा तोच, हे कोणी पाहिलं? आमच्यात एक लांडगा मारला म्हणून कुत्र्याचा पट्टा काढत न्हाईत. मेंढ्यांचा तळ हलला की मगच काढायचा. शाळा कुठं हललीय?"

पुढे त्यांची थट्टा सुरू झाली. ते चहाच्या टपरीवरून गेले की कोणीतरी भुंकायचं. हेडमास्तरांनी पालकांना सांगून टाकलं, की आता सोबतीची गरज नाही. सर मात्र रोज संध्याकाळी मुलांबरोबर निघत.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी उसाजवळ ते एकदम थांबले आणि त्यांनी हात आडवा धरला. पुढे चालणाऱ्या मुलीने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, की वारं नव्हतं, तरी उसाचं वाळकं पाचट वाजत होतं. बॅटरी मारली तर बांधावर दोन डोळे. सर मुलांच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहिले.

"पळायचं न्हाई," ते हळूच म्हणाले. "एकमेकांचा हात धरा. मागं मागं चला."

बॅटरी बांधावर रोखून ते उलट्या पावलांनी सगळ्यांना शाळेपर्यंत घेऊन आले. बिबट्या थोडा वेळ बसून राहिला आणि उसात गेला.

दुसऱ्या सकाळी फ्लेक्स दिसला नाही. तो कोणी काढला, हेही कोणी सांगेना. मी सरांना म्हटलं, शेवटी तुमचंच खरं निघालं. वासरं नेणारा कालचाच होता.

चष्मा खाली आला. "कालचाच कशावरनं? हा आणखी एखादा असंल."

या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोपसमारंभ उरकल्यावर ते स्टाफरूममध्ये आले आणि त्यांनी पट्टा काढला. उन्हाने रापलेल्या मानेवर त्याच्या जागी फिकट वळ होता. दुसऱ्या दिवशी ते डिंभ्याला भावाकडे जाणार होते.

"माझा तळ हलला," ते म्हणाले आणि पट्टा माझ्या टेबलावर ठेवला. "शाळेचा न्हाई."

हल्ली जादा तास सुटला की मुलं फाटकापाशी माझी वाट बघत थांबतात. पट्टा मला थोडा सैल होतो. काल टपरीवरून एकाने हाक मारली, "काय राव, आता कुठं राहिलाय बिबट्या?"

मला चष्मा नाही. तरी हात नाकाकडे गेला.