एक सूत वाकडं

वाकडेपणाशी एवढं हाडवैर धरलेला माणूस अख्ख्या भिलाईत दुसरा नसेल; आणि असलाच, तर त्याच्या शेजाऱ्यांची मला मनापासून दया येते. आमचे हुडको कॉलनीतले शेजारचे काका आयुष्यभर स्टील प्लांटमध्ये मीटर तपासायच्या कामावर होते. काटा बरोबर शून्यावर येतो की नाही, एवढंच बघायचं. रिटायर झाले, तपासायला मीटर उरले नाहीत, म्हणून मग आम्ही उरलो. आमच्याकडे चहाला आले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, मग टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारणार, आणि मग बसणार. सिविक सेंटरच्या बाजारात एकदा एका दुकानाची पाटी तिरकी दिसली, तर ती सरळ करून घेतल्याशिवाय त्यांनी साबणाची वडीसुद्धा घेतली नाही. बिचारा दुकानदार शिडीवर आणि काका खालून, "और थोडा, और थोडा, बस!" आमच्या घराच्या वास्तुपूजेत सगळे आशीर्वाद देत होते, तेव्हा हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पोरी, टिकली एक सूत डावीकडे आहे." आणि होती हो! फोटोत अजून दिसते.

तर या काकांकडे एक जुना कॉम्प्युटर आहे. जुना म्हणजे कीबोर्डच्या पोटातच सगळा संसार, पडद्याच्या जागी जाडजूड टीव्ही, आणि शेजारी डब्याएवढा फ्लॉपी ड्राइव्ह. काकांनी तो हौसेनं आणला आणि काकूंनी बळकावला. काकू त्यावर रांगोळ्या काढायच्या, कळ दाबून एकेक ठिपका ठेवत. काकांनी प्रोग्रामच असा लिहून दिला होता, की फ्लॉपी लावली की काकूंनी काढली त्याच क्रमानं रांगोळी पुन्हा उमटायची. चुकलेला ठिपका आणि तो पुसणंसुद्धा. काकू गेल्या, तेव्हापासून दर दिवाळीला काका तो अवजड टीव्ही उचलून व्हरांड्यात दाराशी मांडतात आणि काकूंची रांगोळी लावतात. पहिल्या वर्षी आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आता सगळी गल्ली फराळ टाकून बघायला येते.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर ड्राइव्ह अडखळायला लागला. खर्र-खट, खर्र-खट, आणि पडदा कोरा. काकांनी तो खोलला, मी टॉर्च धरला. त्यांनी आतली धूळ काढली, स्पिरिटनं पुसलं, तेलाचं बोट लावलं आणि काकूंची फ्लॉपी चालायला लागली. तिथेच थांबले असते तर ते काका कसले! फ्लॉपी वाचणारं जे इवलंसं डोकं असतं, ते जागेवरून किंचित सरकलेलं त्यांना दिसलं.

"राहू द्या ना काका, चालून तर राहिलं."

"कावून राहू द्यायचं? वाकडं आहे ना थे!"

स्क्रू ढिला करून, दुकानातून तयार आणलेल्या गेमच्या फ्लॉपीशी ताडून त्यांनी ते डोकं अगदी नेमक्या जागी बसवलं. विकतची प्रत्येक फ्लॉपी फाडफाड चालली. "पाहून राहिली ना? शून्य म्हणजे शून्य!" मग त्यांनी काकूंची लावली. काहीच नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. काहीच नाही.

काका मटकन खुर्चीत बसले. "तिनं काढल्या तेव्हा हा वाकडाच असंल," ते म्हणाले. "वाकड्यानं लिहिलेलं वाकड्यालेच दिसते. मी सरळ करून टाकला, बाई. मी तिले पुसून टाकलं."

"पुसलं कुठं काका? फ्लॉपीत आहे ना सगळं? मग करा याला परत वाकडा."

त्यांनी असं बघितलं, की मी जणू त्यांना चोरी करायला सांगत होते. "मले वाकडं कराले येत नाही," ते म्हणाले.

शिकले बापडे. रोज दुपारी स्क्रू ढिला करायचा, डोकं केसभर सरकवायचं, फ्लॉपी लावायची, खर्र-खट ऐकायची. त्यांचा हात आपोआप सरळ बाजूलाच जायचा. शेवटी मीच शेजारी बसून, "और थोडा, और थोडा" करायला लागले. धनत्रयोदशीच्या दुपारी ड्राइव्ह एकदम गुरगुरला आणि पडद्यावर एक ठिपका पडला. मग दुसरा. मी ओरडलेच, "बस!" स्क्रू हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा थेंब लावतात, काकांनी कपाटातून काकूंची लाल बाटली काढली. घट्ट झाली होती, पण थेंबभर निघाली.

दिवाळीला टीव्ही दाराशी आला. न जाणो, पुन्हा बिघडला तर, म्हणून मी सगळं मोबाइलवर उतरवून घेतलं. काकांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते पायरीवर बसून ठिपके पडताना बघत होते.

"काका, ती उजवीकडची पाकळी वाकडी आहे," मी मुद्दाम चिडवलं.

"आहे ना. इथं ती नेहमीच चुकते. पाहा, आता पुसते."

ठिपका पुसला गेला. त्याच्या जागी दुसरा पडला, तोही एक सूत बाजूलाच. मी काकांच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर शांत होते.

"राहू दे," ते पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, "बरोबर आहे."