खिडकीतला कप

भोपाळच्या आमच्या शाळेत मी नववीच्या मुलांना विचारलं, "आज सकाळपासून तुमच्यासाठी कुणाकुणाचे हात राबले?" फळा भरला. दूधवाला, बसचा ड्रायव्हर, गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांतले कामगार, शाळा झाडणाऱ्या मावशी. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग स्टाफरूममध्ये मावशींचा कप वेगळा, खिडकीत का ठेवता?"

नऊ वर्षं त्याच खोलीत चहा पीत होते मी!

मधल्या सुट्टीत खिडकीतला कप उचलला आणि त्यात माझा चहा ओतला. एक सर दचकले, "मॅडम, वो उनका कप है."

"मालूम है," म्हटलं आणि माझा कप भरून मावशींच्या हातात दिला.

आता प्राचार्य बजावतात, अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवू नका. बाहेरचं कसलं? कप आपल्याच खिडकीत होता.