टाकीवरची पाटी

दुपारी आम्ही दोघं दारात चिंचा फोडत बसलो होतो. ती बत्त्यानं ठोकायची, मी चिंचोके काढायचो. ती म्हणली, "तुमच्या हातानं अर्धी चिंच चिंचोक्यासंगंच जाती." मी म्हणलं, मग तूच काढ. ती हसली. मग बत्ता खाली ठेवला आन् छातीला हात लावला. म्हणली, "लई जड झालंय."

घरात आम्ही दोघंच. लेक सुमन पुण्याला दिलेली. गल्लीतले सगळे कामाला गेलेले. मी अँब्युलन्सला फोन लावला. फोनवरच्या पोरीनं गाव विचारलं, सांगितलं. वस्ती विचारली. मी म्हणलं, समतानगर.

ते आमच्या वस्तीचं नाव. आधी वस्तीला जातीचं नाव होतं. ते मी इथं लिहिणार नाय. सरकारनं तसली नावं बदलायचं ठरवलं तवा नगरपंचायतीनं चौकात, आमच्याकडं वळायच्या जागी, पत्र्याची पाटी लावली. निळ्यावर पांढरी अक्षरं. सुमनच्या आईनं तिला झेंडूचा हार घातला. तिला वाचता येत नव्हतं, पण येताजाता त्या पाटीकडं बघायची. कुणी जुनं नाव घेतलं की तिथंच अडवायची, मग ती भाजीवाली असो का शाळेचा मास्तर. एक दिवस पाटी दिसली नाय. विचारलं तर म्हणले, ट्रॅक्टरनं पडली, बसवू. कुणी बसवली नाय.

गाडी येईना. ती घामानं निथळत होती. मग ड्रायव्हरचाच फोन आला. चौकात उभा होता. इथले लोक म्हणतेत असं नगर गावात नाय, म्हणला. वळण सांगितलं तर त्याला कळेना, आन् तिला एकटी टाकून मला चौकात जाता येईना. मी म्हणलं, हाटेलवाल्याला फोन दे.

हाटेल पाटलाच्या विलासचं. त्याच्या शेतात आमची हयात गेली. लहान होता तवा सुमनच्या आईनं त्याला कडेवर घेऊन बांधावर फिरवलंय. त्यानं माझा आवाज ओळखला. तरी म्हणला, "कोणतं नगर? नीट नाव सांग की म्हाताऱ्या."

मी म्हणलं, विलासराव, मंडळी लई आजारी हाय, गाडी इकडं धाडा.

"धाडतो की. नाव सांग."

ती खाली पडल्या पडल्या ऐकत होती. तिनं माझं धोतर धरलं. म्हणली, "नगा घेऊ ते नाव."

मी घेतलं.

तिकडून आवाज आला, "हां. असं सांगावं." मागं कुणीतरी हसलं. गाडी लगेच आली. चौकापासून आमचं घर हाकेवर हाय.

तिनं तोंड भिंतीकडं केलं होतं. परत माझ्याकडं बघितलं नाय. रस्त्यातच गेली. दवाखान्यात डॉक्टरनं डोळे उघडून बघितले आन् चादर वर ओढली.

दुसऱ्या दिवशी सुमन आल्यावर नेली. चौकातूनच जावं लागतं. हाटेलाच्या बाकड्यावर बसलेले कपातून घोट घेत राहिले. कुणी उठलं नाय. विलास गल्ल्यावरून बोलला, "आधीच सांगितलं असतं तर वेळ गेला नसता. उगं नवी नावं."

खांद्यावर ती होती. मी पाय उचलला.

गावाच्या स्मशानभूमीला कंपाउंड हाय, नळ हाय, बसायला बाकडी हायेत. आमची नाल्याच्या पलीकडं. शेडचा पत्रा वाऱ्यानं गेलेला, तसाच. वेड्या बाभळी पार चौथऱ्यापर्यंत आलेल्या. पोरांनी कुऱ्हाडीनं वाट केली तवा तिला आत नेता आलं. पाण्याला एक सिमेंटची टाकी. मी पाणी घ्यायला गेलो. वर पत्र्याचं झाकण, झाकणावर दगड. दगड काढले, झाकण उलटलं.

निळ्यावर पांढरी अक्षरं. समतानगर. तोंड पाण्याकडं.

मी पाणी काढलं. झाकण परत ठेवलं. तिकडं त्रिशरण चालू झालं होतं.

घरी आलो तर दारात बत्ता तसाच. निम्म्या चिंचा फोडलेल्या, निम्म्या तशाच. सुमन उचलायला गेली. मी म्हणलं, राहू दे. लोक येत होते, चहा पीत होते, जात होते. मला कुणाचं बोलणं ऐकूच येईना. एकच ऐकू येत होतं. हां, असं सांगावं.

सकाळी उजाडल्यावर मी एकटाच राख सावडायला गेलो. सावडून झाल्यावर टाकीवरचे दगड काढले. पाटी बाहेर घेतली. टाकीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. पाटी गंजली होती, पण अक्षरं शाबूत होती. धोतराच्या सोग्यानं पुसली आन् डोक्यावर घेऊन चौकात आलो.

नगरपंचायतीचा माणूस हाटेलात बसला होता. म्हणला, "ओ बाबा, टाकीचं झाकण कुठं चाललं?"

मी त्याच्याकडं बघितलं नाय. वळणावरच्या खांबाला पाटी टेकवली. घरून तार आन् पक्कड घेऊन निघालो होतो. तार दुहेरी घातली, पीळ दिला, हलवून बघितली. हाताला अजून राख होती, ती पत्र्याला लागली. पुसली नाय.

मग हाटेलाच्या पायरीवर गेलो. आजवर त्या पायरीला पाय लावला नव्हता, चहा बाहेरच प्यालो. विलास दूध तापवत होता.

मी म्हणलं, "विलास, वाच."

राव लावलं नाय. त्याच्याबी ध्यानात आलं. तो म्हणला, "सकाळच्या पारी कशाला उगं. जा घरी. गिऱ्हाइकाचा टाइम हाय."

"मला घरी आता कुणी नाय," मी म्हणलं. "मी हितंच उभा हाय. उद्याबी येणार, परवाबी येणार. वाच."

त्यानं मान खाली घातली आन् पुटपुटला.

मी म्हणलं, "मोठ्यानं."