ताईचा हिरवागार नवरा

माह्या ताईच्या पहिल्या नवऱ्याले शेजारच्या बकरीनं खाल्लं.

घाबरू नका! नवरा म्हणजे केळीचं झाड. ताईच्या पत्रिकेत मंगळ निघाला, तर गुरुजी म्हणाले, आधी झाडासंग लग्न लावा, संकट झाडावर जाईन, मंग पोरगी लांजी गावच्या ठरलेल्या पोराले द्या. (झाडाले कोणीच विचारलं नाही.) ताई चिडली, रडली, "मले हे नाही करायचं" म्हणाली. पण ताई शाळेत होती तेव्हापासून आत्याचं एकच चालू, "ही पोरगी नवऱ्याले खाईन!" पप्पाच्या डोक्यात तेच पक्कं बसलं होतं.

मी मात्र फुल क्रांतिकारी! स्टेटसवर टाकलं, "अंधश्रद्धा मुर्दाबाद!" (पप्पाले हाइड करून.) आन् पप्पा म्हणाले, "झाडाकडे लक्ष ठेव," तर लगेच, "हौ पप्पा!"

आंगणात नवरदेव बादलीत उभा, मुंडावळ्या बांधून, एकदम हँडसम! मुहूर्ताले ताईले बाहेर आणलं, तर बादलीत नुसता बुंधा! बाजूले बकरी, तोंडातून अर्धी मुंडावळी लोंबून राह्यली!

"अवो माय वं! पोरगी लग्नाआधीच विधवा झाली नं!" आत्यानं गळाच काढला.

"कोई बात नहीं," गुरुजी म्हणाले, "दूसरा पेड़ मँगवाओ."

"दुसरा नाही आन् तिसराही नाही!" ताई कडाडली. "आत्या, नवऱ्याले मी खाईन म्हणत होती नं? पाह्य, कोणं खाल्लं! आता त्या बकरीची पत्रिका काढा!"

मी हसलो. पप्पानं पाह्यलं. मी थांबलो.

ताईनं तिथंच लांजीले फोन लावला, स्पीकरवर. "झाडाबिडाशिवाय लग्न करता का माह्यासंग? का भेव लागते मंगळाचं?"

"मी रोज लांजी-बालाघाट मोटरसायकल चालवतो," होणारे जिजाजी म्हणाले. "त्या रस्त्यानं नाही मेलो, मंगळानं काय मरतो!"

पप्पानं बकरीच्या तोंडातून मुंडावळी ओढून काढली. मंग हळूच म्हणाले, "गुरुजी, चहा घेऊन जा."

झालं नं लग्न! जिजाजी ठणठणीत हायेत, उलट पोट सुटलं! आन् आता मोहल्ल्यातल्या पोरी पत्रिका दाखवायच्या आधी ताईले फोन करतात.

मी कॉलेजात सांगत फिरतो, का फाटक मीच मुद्दाम उघडं सोडलं होतं, रूढी मोडायले! परवा माह्या दोस्तांसमोरच ताई म्हणाली, "खोटारड्या! मी बाहेर आली तेव्हा तू बुंध्याले सेलोटेपनं पानं चिकटवून राह्यला होता!"