भिलाईत ऐकलेला ‘आ’

‘भिलाईला काय आहे बघण्यासारखं?’ असं नाशिकच्या मैत्रिणींनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की बघायला नाही, ‘आ’ ऐकायला चालले आहे. त्या हसल्या, पण कारण खरंच तेच होतं. माझे मामा तिथल्या पोलाद कारखान्यात, तापलेलं पोलाद लाटणाऱ्या रोलिंग मिलमध्ये होते, आता निवृत्त. पक्षाघाताच्या झटक्यानंतर हातपाय सावरले, पण तोंडून ‘आ’शिवाय काही निघेना. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी रोज आरशासमोर लांब ‘आ’ म्हणायला सांगितलं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत सराव सुटला तर शब्द परत येणं कठीण, असंही बजावलं होतं. आणि मामांनी सरावच सोडला.

“सुषमा, तू येऊन जा न,” मामी फोनवर म्हणाली. “तू पोराइले अक्षरं शिकवतं. माहं त् हे काईच ऐकून नाई राहिले.”

मी बालवाडीत शिकवते. ‘आ’ म्हणजे सगळ्यात आळशी स्वर, असं माझं जुनं मत. ‘ई’ला जीभ वर उचलावी लागते, ‘ऊ’ला ओठांचा चंबू करावा लागतो. ‘आ’ला नुसता जबडा खाली सोडायचा, जीभ तळाशी पसरू द्यायची आणि घशातून आवाज सोडायचा. हवेला वाटेत कुणी अडवत नाही. म्हणूनच की काय, कुठल्याही भाषेत डोकावा, हा तिथे बहुधा ठाण मांडून बसलेला असतो.

हावडा मार्गाच्या बऱ्याच गाड्या नाशिकहून भिलाईला लागूनच असलेल्या दुर्गला जातात; संध्याकाळी बसलात की दुसऱ्या दिवशी पोचता. स्लीपरचं आरक्षण मात्र आधीच करा आणि डबा घरून न्या. माझ्यासमोर एक बंगाली आई बाळाला भात भरवत होती. “हां करो, हां करो,” म्हणजे तोंड उघड. बाळाआधी तिचंच तोंड उघडत होतं. मी वर्गात नेमकं तेच करते, हे तेव्हा लक्षात आलं आणि गंमत वाटली.

दुर्ग स्टेशनबाहेर शेअर ऑटो मिळतात. मामांचं घर नेहरू नगरमध्ये, हायवेपासून आत, कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या गर्दीत. दारातच खुर्चीत बसलेले मामा दिसले. मला बघून चेहरा खुलला, तोंडातून “आ” आलं.

“पानी पायजे?” मामीने लगेच विचारलं. मामांनी नाही म्हणून मान हलवली. “आ!”

“पंखा लावू? चाय? टीव्ही?”

“आ! आ!” आवाज चढत गेला. शेवटी त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली आणि तोंड फिरवलं. मामी पदराने डोळे पुसत आत गेली. “दिवसभर असंच करून राहिले. कावून ओरडतेत, मले समजतच नाई.” मला फार वाईट वाटलं. आल्या आल्या मीसुद्धा ‘बाथरूमला जायचंय का’ विचारून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी आरसा घेऊन शिक्षिकेच्या थाटात बसले. मामांनी आरसा उपडा ठेवला. थाट तिथेच संपला.

रविवारी मामीबरोबर कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरच्या बाजारात इडली आणायला गेले. (सकाळी लवकर जा, उशीर झाला तर नुसती चटणी उरते.) तेलुगू, मल्याळम, ओडिया, छत्तीसगढी, सगळे एकाच बाकावर खातात. मला कान मोकळे सोडायला याहून चांगली जागा नव्हती. एक तेलुगू आजोबा फोनवर “आ… आ…” करत होते, म्हणजे होकार. इडलीवाल्या मल्याळी काकांना मी सांबार संपलं का विचारलं, तर त्यांनी खांदे उडवून “आ” केलं, म्हणजे कोण जाणे. आणि बाकावरचा, जवळच्या उतई गावचा एक शेतकरी मित्राला बोलावत होता, “आ गा, बइठ!” स्वर एकच, पण कुणाचा होकार, कुणाची टाळाटाळ, कुणाचं आमंत्रण.

फोनवाले आजोबा म्हणजे मिलमधल्या मामांच्याच कामगार-गँगमधले अप्पाराव निघाले. मामा कुणाला भेटत नाहीत असं कानावर आल्याने ते घरी येत नव्हते. मामीने त्यांना जवळजवळ ओढतच आणलं.

फाटकात त्यांना बघताच मामा उठून आतल्या खोलीकडे वळले. जाता जाता चिडून “आ!” केलं. अप्पाराव जागेवर थांबले, हात वर केला आणि छातीतून तेवढाच लांब आवाज काढला, “आऽऽऽ!”

मामा थबकले. मागे वळून त्यांनी हळू “आ” केलं. अप्पारावांनी तसंच हळू परत दिलं. मग मामांनी बोटाने खुर्ची दाखवली, दोन बोटं ओठांशी नेऊन चहाची खूण केली. महिनोन्महिने मामीला न कळलेलं सगळं मिनिटभरात उरकलं.

“मैडम, मिल में क, ट, प कुछ नहीं चलता था,” चहा पिताना अप्पाराव म्हणाले. “रोल की आवाज सब खा जाती थी। सिर्फ ‘आ’, ‘ओ’, ऐसा खुला आवाज पहुँचता था। एक बुलाए, तो दूसरा पहले वही आवाज वापस देगा। मतलब, सुन लिया। उसके बाद हाथ का इशारा। वापस नहीं आया, तो बुलाते रहो।” मग मामांकडे बघून म्हणाले, “ये बेचारा अभी तक बुला रहा है।”

मामी भरलेली किटली हातात धरून तशीच उभी राहिली. “मी त् पानीच देत राहिली, बाप्पा,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मामी स्वयंपाकघरात असताना बाहेरून “आ” आलं. ती धावली नाही. पोळी तव्यावर टाकत, जरा लाजत, तिने “आऽ” केलं. बाहेरच्या आवाजातली चीड गेली. मी डोकावले तर मामा उपड्या आरशाकडे बोट दाखवत होते. मग दोघं समोरासमोर बसून तोंडं उघडत होती आणि मामीला हसू आवरत नव्हतं. मला रडू आलं, ते मी कांद्यावर ढकललं.

नाशिकला परतून आता काही आठवडे झाले. शब्द येतील की नाही, उपचार करणाऱ्या बाई सांगू शकत नाहीत. सराव मात्र रोज चालू आहे. वर्गात ‘आ’ शिकवताना मी त्याला आळशी म्हणणं सोडलं आहे.

काल फोन वाजला. पलीकडून आवाज आला, “आ.” मामा, बरं आहे ना, जेवलात का, मामी कुठे आहे, सगळे प्रश्न सवयीने जिभेवर आले. ते गिळून मी तोंड उघडलं आणि तेवढाच लांब “आ” दिला.

मामांनी पुन्हा हाक मारली नाही. पोचली होती.